वाचकांचे प्रश्न : पामरांच्या घरातले दिवे कुणी घालवले?

या वेळचं टपाल जवळजवळ एकाच मालिकेचं आहे. नव्या वाचकांसाठी थोडक्यात: 'ट्विन पीक्स' ही डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांची मालिका एबीसी वाहिनीवर 1990-91 मध्ये आली. वॉशिंग्टन राज्यातलं एक लाकूडकटाईचं गाव, लॉरा पामर या शाळकरी मुलीचा खून आणि तपासाला आलेला एफबीआयचा डेल कूपर, एवढं सूत्र. शेवटच्या भागात खरा कूपर लाल पडद्यांच्या खोलीत, म्हणजे 'लॉज' या परलोकीच्या जागेत, अडकला आणि त्याचा तोतया बाहेर पडला. पुढची गोष्ट 2017 मध्ये शोटाइम वाहिनीवर 18 भागांत आली; तिलाच सगळे 'द रिटर्न' म्हणतात. इथून पुढे रहस्यं फुटलेली आहेत. मालिका पाहायची असेल त्यांनी पान उलटावं.

प्रश्न: जुने 30 भाग पाहायला वेळ नाही. थेट 2017 पासून सुरुवात केली तर काय बिघडेल?

कथानक कसंबसं कळेल, पण अठराव्या भागाचा धक्का पोचणार नाही. वेळ वाचवायचाच असेल तर दुसऱ्या मोसमाच्या मधल्या भागांवर वाचवा. खुनी सापडल्यानंतरचे सात-आठ भाग ढिले आहेत, हे कट्टर चाहतेही मान्य करतात. मात्र जंगलात हवाई दलाचे मेजर ब्रिग्ज नाहीसे होतात तो प्रसंग आणि 10 जून 1991 चा शेवट गाळू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे 1992 चा 'फायर वॉक विथ मी' हा चित्रपट सोडणं. 'जूडी', म्हणजे गोष्टीतली सगळ्यात मोठी दुष्ट शक्ती, हे नाव तिथेच पहिल्यांदा कानावर पडतं. 'चांगला डेल लॉजमध्ये अडकलाय, डायरीत लिहून ठेव' हा लॉराला मिळालेला निरोपही तिथलाच, आणि 'द रिटर्न'च्या सातव्या भागात शेरीफचा सहाय्यक हॉक जी पानं वाचून दाखवतो ती याच डायरीची. चित्रपटानंतर 2014 मध्ये बाहेर आलेले सुमारे दीड तासाचे वगळलेले प्रसंग पाहा.

भागांच्या क्रमांकांकडे लक्ष असू द्या. चाहते पायलट भाग वेगळा धरतात आणि त्यानंतरच्या भागाला पहिला म्हणतात. स्ट्रीमिंगवर बहुधा पायलटच पहिला असतो. त्यामुळे चर्चेतला 'भाग 17' तुमच्या पडद्यावर अठरावा निघतो आणि विनाकारण वाद होतात. 'द रिटर्न'मध्ये हा घोळ नाही.

प्रश्न: 'द रिटर्न'चे भाग 17 आणि 18 एकाच वेळी शेजारी-शेजारी लावले की उत्तर मिळतं, असं म्हणतात. खरं आहे का? कसं करायचं?

फायरमन, म्हणजे परलोकातला भला मार्गदर्शक, पहिल्याच भागात कूपरला सांगतो, 'एका दगडात दोन पक्षी'. दोन्ही भाग 3 सप्टेंबर 2017 ला एकाच रात्री दाखवले गेले. या दोन गोष्टींवर हा सिद्धान्त उभा आहे.

करून पाहायचं तर दोन्ही भाग एकाच स्रोतातून घ्या. एक प्रत डिस्कवरची आणि दुसरी युरोपीय प्रक्षेपणाची घेतली तर फसाल. सेकंदाला 24 चौकटींचं चित्रण 25 ने चाललं की वेग चार टक्क्यांनी वाढतो आणि तासाभरात जवळपास अडीच मिनिटांचा फरक पडतो. मग जुळलेलं दिसतं ते या फरकाचं असतं. दोन्ही भाग पहिल्या चौकटीवर थांबवा आणि एकदम सुरू करा. आवाज दोन्हींचा एकत्र ठेवू नका. एकदा सतराव्याचा, दुसऱ्यांदा अठराव्याचा ऐका. जुळलेल्या जागा वेळेसकट लिहा.

आता बहुतेक जण टाळतात ती पायरी. हाच प्रयोग 17 बरोबर 12 किंवा 16 लावून करा. त्यातही पाच-सात 'अर्थपूर्ण' योग सापडतील, कारण या मालिकेत प्रसंग लांब आहेत, माणसं बराच वेळ नुसती बघत बसतात आणि गाड्या अंधारात चालत राहतात. 17-18 च्या जोडीत यापेक्षा ठळकपणे जास्त सापडलं तरच सिद्धान्ताला वजन. सतराव्यात लॉराच्या किंकाळीनंतर ज्युली क्रूझचं गाणं येतं, अठराव्यात किंकाळीनंतर काळोख. या दोन किंकाळ्यांमधलं अंतर मोजा आणि मग ठरवा. आमचं मत: दोन भाग एकमेकांचे आरसे आहेत हे नक्की, पण त्यासाठी दोन पडदे लागत नाहीत.

प्रश्न: शेवट! कृपया शेवट समजावून सांगा. कूपर जिंकला की हरला?

आधी पडद्यावर जे खरोखर दिसतं तेवढंच मांडू, कारण निम्मी भांडणं चुकीच्या आठवणींवर होतात.

फायरमन पहिल्या भागात ग्रामोफोनजवळ बसून सांगतो: आवाज ऐक, ते आता आपल्या घरात आहे, 430 लक्षात ठेव, रिचर्ड आणि लिंडा, एका दगडात दोन पक्षी. सतराव्या भागात कूपर ग्रेट नॉर्दर्न हॉटेलच्या तळघरातलं दार आपल्या जुन्या 315 नंबरच्या खोलीच्या किल्लीने उघडतो आणि लॉराच्या खुनाच्या रात्रीत, फेब्रुवारी 1989 मध्ये, पोचतो. तो तिचा हात धरून तिला जंगलातून नेऊ लागतो. काठावरचं प्रेत नाहीसं होतं आणि जुन्या मालिकेत ज्याला ते सापडलं तो पीट निवांत मासे धरायला जातो. तेवढ्यात कीटक खरवडल्यासारखा तोच ग्रामोफोनवरचा आवाज येतो, हातातला हात सुटतो, किंकाळी. अठराव्यात तो आपली जुनी सेक्रेटरी डायेन हिच्याबरोबर नेमके 430 मैल गाडी चालवतो, विजेच्या मनोऱ्यांजवळून पुढे जातो. रात्री एका मोटेलात शिरतो आणि सकाळी बाहेर पडतो तेव्हा मोटेल वेगळं, गाडी वेगळी. सोबत लिंडाने रिचर्डला लिहिलेली चिठ्ठी. टेक्ससमधल्या ओडेसात त्याला लॉराच्या चेहऱ्याची कॅरी पेज सापडते. तिला तो ट्विन पीक्सला आणतो. पामरांच्या घरात अ‍ॅलिस ट्रेमंड नावाची बाई राहते. तिला ते घर मिसेस चॅलफंटने विकलं. कूपर विचारतो, 'हे साल कोणतं?' आतून लॉराच्या आईची, सॅराची, 'लॉरा' अशी हाक येते, कॅरी किंचाळते, घरातले दिवे जातात.

यावर मुख्य अर्थ तीन.

पहिला, सापळा. कूपर भूतकाळ बदलायला गेला आणि जूडीने लॉराला उचलून दुसऱ्या जगात दडवलं. या बाजूने पुरावा भरपूर आहे. कॅरीच्या घराबाहेरच्या विजेच्या खांबावर 6 आणि 324810 हे आकडे आहेत. तोच खांब चित्रपटातल्या फॅट ट्राउट ट्रेलर पार्कात आणि सहाव्या भागात पोराला गाडीने उडवलं त्या चौकात दिसतो. कॅरीच्या शेल्फवर पांढरा घोडा आहे. ट्रेमंड आणि चॅलफंट ही नावं जुन्या मालिकेत आणि चित्रपटात लॉजच्या माणसांची. म्हणजे ही जागा त्यांच्याच मालकीची. पण सापळाच असेल तर घरातली वीज का गेली, याचं उत्तर हा अर्थ देत नाही.

दुसरा, योजना. आठव्या भागात 16 जुलै 1945 चा न्यू मेक्सिकोतला अणुचाचणीचा स्फोट दिसतो, त्यातून बॉब या दुष्ट आत्म्याचा गोळा बाहेर पडतो आणि उत्तर म्हणून फायरमन लॉराच्या चेहऱ्याचा सोनेरी गोळा पृथ्वीवर धाडतो. चौदाव्या भागात सॅरा बारमध्ये आपला चेहरा उघडते आणि आतलं काही एका माणसाचा गळा फोडतं. 'ते आता आपल्या घरात आहे' याचा सरळ अर्थ मग पामरांचं घर. कूपरने लॉराला त्या दारापर्यंत आणून सोडणं हेच काम होतं, आणि किंकाळी हे शस्त्र. वीज हा लॉजच्या माणसांचा वाहतुकीचा मार्ग आहे. तीच बंद पडली. 'दोन पक्षी'ही इथे बसतात: लॉरा सापडली आणि जूडी संपली. अडचण एकच, पण मोठी. शेवटच्या चौकटीतला कूपर जिंकलेल्या माणसासारखा दिसत नाही. तो वाकून, गोंधळून उभा आहे.

तिसरा, स्वप्न. सतराव्यात कूपरचा मोठा चेहरा पडद्यावर तरंगतो, मागे शेरीफच्या कचेरीतलं घड्याळ 2:53 च्या आसपास अडखळतं आणि तो म्हणतो, आपण स्वप्नात राहतो. स्वप्न म्हटलं की सगळंच बसतं. म्हणूनच हा अर्थ आम्हाला कमी आवडतो. जो कुठेच अडत नाही त्याची परीक्षा घेता येत नाही.

2:53 ची मात्र नोंद ठेवा. दुसऱ्या भागात लॉजमधला झाडासारखा 'आर्म' म्हणतो '253, पुन्हा पुन्हा'. तिसऱ्यात मिस्टर सी, म्हणजे कूपरचा तोतया, याच्या गाडीतलं घड्याळ तीच वेळ दाखवतं. नवव्यात मेजर ब्रिग्जच्या चिठ्ठीत 253 यार्ड आणि 2:53 दोन्ही आहेत. सतराव्यापर्यंत हा आकडा पाठ सोडत नाही आणि अठराव्यात त्याची जागा 430 घेतो. आमचा कौल दुसऱ्या अर्थाकडे, पण एका दुरुस्तीसह: योजना फायरमनची, कूपर तिचा फक्त वाहक. त्याला आपणच लॉराला वाचवतोय असं वाटत राहिलं. ओडेसाच्या खानावळीत बंदुका उकळत्या तेलात टाकणारा तो थंड माणूस आपला जुना कूपर नाहीच, अर्धा रिचर्ड झालेला आहे.

प्रश्न: चौदाव्या भागात अभिनेत्री मोनिका बेलुची कूपरचा एफबीआयमधला वरिष्ठ गॉर्डन कोल याला म्हणते, 'आपण त्या स्वप्न पाहणाऱ्यासारखे आहोत जो स्वप्न पाहतो आणि मग त्याच स्वप्नात राहतो.' हे उपनिषदातलं आहे का? कुठल्या?

लिंच 1973 पासून भावातीत ध्यान करत आणि उपनिषदांचं वचन म्हणून ही ओळ आधीपासून सांगत. त्यांच्या आवृत्तीत आधी कोळी येतो: तो जाळं विणतो आणि त्याच्यावरूनच चालतो. शब्दशः असं एकच वचन शोधायला गेलात तर हाती लागणार नाही, पण दोन्ही तुकड्यांची मुळं सापडतात. कोळी म्हणजे ऊर्णनाभी. तो बृहदारण्यकाच्या दुसऱ्या अध्यायात आहे आणि मुंडकाच्या सुरुवातीलाही. स्वप्नाचा भाग बृहदारण्यकाच्या चौथ्या अध्यायातल्या याज्ञवल्क्य-जनक संवादाशी जुळतो: तिथे रथ नाहीत, घोडे नाहीत, रस्ते नाहीत, तो रथ, घोडे आणि रस्ते स्वतःच निर्माण करतो. अठराव्या भागातला रात्रीचा लांबच लांब रस्ता डोळ्यांसमोर ठेवून हे वाचा.

फरकही लक्षात घ्या. याज्ञवल्क्य स्वप्नापाशी थांबत नाही, पुढे गाढ निद्रेकडे आणि त्याही पलीकडे जातो. बेलुचीचा पुढचा प्रश्न, 'पण स्वप्न पाहणारा कोण?', मालिकेत उत्तराविना राहतो.

प्रश्न: सातव्या भागाच्या शेवटी डायनरमधली गिऱ्हाइकं अचानक बदलतात. चूक की खूण?

एक पोरगा धावत येऊन 'कुणी बिलीला पाहिलं का?' विचारतो, आणि आधीच्या व नंतरच्या चौकटीत टेबलांवरची माणसं वेगळी आहेत. वेगवेगळ्या वेळी चित्रित झालेले तुकडे जोडले की असं होऊ शकतं. पण इतक्या उघड्यावर, तेही श्रेयनामावलीखाली? शिवाय तेराव्या भागात मेजर ब्रिग्जचा मुलगा बॉबी डायनरमध्ये म्हणतो की वडिलांनी ठेवलेली वस्तू 'आज' सापडली, जे आपण नवव्यातच पाहिलंय. याचा साधा अर्थ, प्रसंग कालक्रमाने लावलेले नाहीत. अठरा भागांची पटकथा एकसंध होती आणि तुकडे नंतर पाडले गेले. एखादी विसंगती दुसऱ्या जागीही तशीच सापडली तर खूण माना, एकटी असेल तर संपादनावर सोडा. बिलीचं नाव पुढे हॉटेलमालकाची मुलगी ऑड्री हिच्या प्रसंगांत येतं, म्हणून हा प्रसंग आम्ही खुणांच्या खात्यात टाकतो.

प्रश्न: लाल खोलीतले संवाद उलटे वाजवले तर लपलेला मजकूर निघतो का?

नाही. नट वाक्याचे उलटे उच्चार पाठ करून बोलतात, ध्वनिमुद्रण उलटं फिरवलं की ते विचित्र सुलट ऐकू येतं. तुम्ही पुन्हा उलटं केलंत तर त्यांनी पाठ केलेला निरर्थक उच्चार मिळेल, बस. तरी करायचंच तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फक्त मधली वाहिनी घ्या, कारण संवाद बहुतांशी तिथे असतो. सगळ्या वाहिन्या घेतल्या की संगीतही उलटतं आणि कानाला नको ते शब्द ऐकू येतात. तुकडा निवडा, 'इफेक्ट'मधलं 'रिव्हर्स' लावा. त्यापेक्षा पहिल्या भागातला ग्रामोफोनचा आवाज आणि सतराव्यातला जंगलातला आवाज शेजारी ठेवून ऐका. ध्वनिरचना स्वतः लिंचची आहे आणि फायरमनची पहिली सूचनाच आवाज ऐकण्याची आहे.

प्रश्न: ऑड्री कोमात आहे का?

सोळाव्या भागात तिचा नाच तुटतो आणि ती पांढऱ्या खोलीत आरशासमोर दिसते. ती झोपेत, दवाखान्यात किंवा लॉजमध्ये असू शकते. मालिका ठरवू देत नाही. फ्रॉस्टच्या 'द फायनल डॉसियर' या 2017 च्या पुस्तकात ती खासगी शुश्रूषागृहात असल्याची वदंता तेवढी आहे.

प्रश्न: मग त्या पुस्तकाने वाद मिटतो ना?

काही मिटतात. लॉराचा खून झाला नाही, ती बेपत्ता झाली, अशी नोंद त्यात आहे आणि गावातल्या लोकांच्या आठवणी धूसर होत चालल्यात. म्हणजे कूपरचा फेरफार टिकला. आठव्या भागात 1956 साली जिच्या तोंडात बेडूक-कीटक शिरतो ती मुलगी सॅरा असावी, असंही सुचवलंय. पण पुस्तकं एकट्या फ्रॉस्टची आहेत आणि जुन्या मालिकेशी न जुळणाऱ्या जागा त्यांत आहेत. लिंच जानेवारी 2025 मध्ये गेले. अर्थ सांगायचं त्यांनी अखेरपर्यंत टाळलं. पुस्तकाचा दाखला जरूर द्या, पण पडद्यावरच्या गोष्टीच्या विरोधात देऊ नका. आणि डायरीची हरवलेली चार पानं होती, हॉकला तीनच मिळाली. चौथ्यात काय होतं यावर उभारलेले सिद्धान्त कृपया आमच्याकडे पाठवू नका, फाइल भरलीय.