वाचक विचारतात : पोपला मत कोण देतं?

प्रश्न : फादर, निवडणुकीच्या तोंडावर 'निर्भयपणे मतदान करा' असं तुम्ही या सदरात लिहिलंत. तुमच्या चर्चमध्ये मात्र पोपपासून गावातल्या फादरपर्यंत कुणालाच लोक निवडत नाहीत. मग लोकशाहीवर बोलण्याचा अधिकार तुम्हाला कुठून आला? आणि कॅथलिक माणूस मत देताना घटनेचं ऐकतो की धर्मगुरूचं?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : सर, प्रश्न झोंबणारा आहे आणि रास्तही. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, मी चर्चचा इतिहास शिकवायचो, तेव्हा पोरंही हेच विचारायची.

आधी तुमच्या बाजूचा पुरावा मीच देतो. १८६४ साली पोप नववे पायस यांनी 'चुकीच्या मतां'ची एक यादी काढली. पोपने प्रगती, उदारमतवाद आणि आधुनिक संस्कृतीशी जुळवून घ्यावं, हे त्यातलं ऐंशीवं आणि शेवटचं 'चुकीचं मत'. धर्मस्वातंत्र्यावर लिहिणारे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातले अमेरिकन फादर जॉन कोर्टनी मरे यांना १९५०च्या दशकात वरिष्ठांनी या विषयावर गप्प बसायला लावलं. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेत, हेच मरे तज्ज्ञ म्हणून आले आणि ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा २३०८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाला. श्रद्धेच्या बाबतीत कुणावरही बळजबरी नको, हे चर्चने मतदान घेऊन मान्य केलं, याची मला अजूनही गंमत वाटते.

भारतीय कॅथलिकांना हे त्याआधी पंधरा वर्षं मिळालेलं होतं. आपल्या घटनेचं पंचविसावं कलम सुरूच होतं सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याने. जेरोम डिसोझा नावाचे जेझुइट फादर घटना समितीचे सदस्य होते. म्हणून 'घटना की धर्म' हे भांडण मला पटत नाही. देव आहे की नाही, हे हात वर करून ठरत नाही, असं मी मानतो. पण म्हणूनच ते ठरवायचा अधिकार सरकारला नको, बहुमताला नको आणि आमच्या बिशपांनाही पोलिसांच्या जोरावर नको. माझी लोकशाही या श्रद्धेतूनच येते.

आमचे लोक नेहमी असं वागले का? नाही. फिलिपिन्समध्ये १९८६ साली तिथले वरिष्ठ धर्माधिकारी कार्डिनल सिन यांनी लोकांना रस्त्यावर बोलावलं आणि हुकूमशहा मार्कोस यांची सत्ता गेली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. केरळात १९५९ साली लोकांनी निवडलेल्या नंबुद्रिपाद यांच्या कम्युनिस्ट सरकारविरुद्धच्या आंदोलनात चर्च पुढे होतं आणि ते सरकार बरखास्त झालं, हे सांगताना आवाज खाली जातो. त्या सरकारच्या शिक्षण कायद्यावरचे चर्चचे आक्षेप खरे असतीलही, पण पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबायला हवं होतं.

आता चर्चच्या आतलं. पोपला ऐंशीच्या आतले कार्डिनल दोन-तृतीयांश मतांनी निवडतात. २०२५ साली अशा १३३ जणांनी मतदान केलं. त्यांना नेमतो पोपच. प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्यांना, तिथे मत नाही. पॅरिश कौन्सिलला, म्हणजे गावच्या चर्चच्या समितीला, फक्त सल्ल्याचा अधिकार, असं चर्चचा कायदा सांगतो. वसईतल्या अशाच एका कौन्सिलच्या सभेत दफनभूमीत पेव्हर ब्लॉक बसवायचे की शाळेचं गळकं छप्पर आधी, यावर दोन तास खल झाला. बहुतेकांचं म्हणणं छप्पर. फादरांनी वही मिटली आणि म्हणाले, 'पेव्हर ब्लॉक.' एक म्हातारा शेतकरी उठला, 'मग आम्हाला नुसत्या चहाला बोलावलं काय?' चर्चच्या त्याच कायद्यात, आपलं मत धर्मगुरूला सांगणं हा श्रद्धावंताचा हक्क आहे आणि प्रसंगी कर्तव्यही, असं कलम आहे. दुर्दैवाने ते प्रवचनात फारसं ऐकू येत नाही. २०२३च्या रोममधल्या सिनडमध्ये, म्हणजे बिशपांच्या सल्लागार सभेत, पहिल्यांदाच स्त्रियांनी मतदान केलं. उशीर झाला, पण दार उघडलं.

डोमिनिकन या कॅथलिक धर्मसंघात तेराव्या शतकापासून मठाचा प्रमुख सदस्यच निवडतात, तेव्हा निवडणूक आमच्या परंपरेबाहेरची आहे, असं कुणी सांगू नये.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. राज्यसत्ता चालवावी लागेल अशी पदं घ्यायला चर्चच्या कायद्याने धर्मगुरूंना मनाई आहे आणि राजकीय पक्षात सक्रिय राहायलाही, अगदीच अपवाद सोडला तर. तरीही निवडणूक आली की 'फादर, कुणाला देऊ?' म्हणत काही जण येतातच. मी त्यांना उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचायला सांगतो : मालमत्ता, शिक्षण, गुन्हे, सगळं त्यात असतं. नाव सांगत नाही. त्यावर काही जण नाराज होऊन जातात.