वाचकांचे प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनाम

प्रश्न : आम्ही उभयता शाकाहारी असून, दिवाळीत प्रथमच परदेशी, व्हिएतनामला जाण्याचा विचार आहे. तयारी कशी करावी? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एकदाच प्रवेश करण्यासाठी शुल्क 25 डॉलर आहे. अर्जातील नाव पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे आणि पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. मात्र आपण निवडलेला काळच मला खटकतो, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामात मुसळधार पाऊस पडतो आणि होई आनच्या जुन्या गल्ल्यांत अनेकदा पुराचे पाणी शिरते. तेव्हा मध्य भागातली दानांग-होई आन ही शहरे वगळून उत्तरेकडचे हनोई आणि हा लाँगचा उपसागर एवढेच पाहावे.

जेवणाचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. तिकडे शाकाहाराला 'चाय' म्हणतात (आपला चहा नव्हे!), म्हणून पाटीवर रोमन लिपीत लिहिलेला 'chay' हा शब्द ओळखता यावा. नुसती भाजी मागवल्यास तीत माशांपासून केलेले 'नुओक माम' हे खारट पाणी असू शकते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी अवश्य न्यावी, पण चटणी मोठ्या बॅगेत, घट्ट बंद करून.