‘विटाच उचलाच्या तं शिकाचं काहून?’

उन्हाळ्यात माझ्याकडे पोरांच्या करिअरच्या समुपदेशनासाठी येणाऱ्या बऱ्याच आईबापांची काळजी एकच असते. शब्द तेवढे वेगळे. पोराला जे करावंसं वाटतं ते त्याचं स्वतःचं, की घरात पाहून पाहून लागलेली सवय? शिंप्याच्या मुलीला कापडाचं वेड, कंपाउंडरच्या मुलाला औषधांचं. मग बापाला वाटतं, मी ज्यातून हिला बाहेर काढायला निघालो त्यातच ही परत चालली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली बापलेक एप्रिलमध्ये अशीच माझ्यासमोर येऊन बसली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बाप मिस्त्री. पंचवीस वर्षं गवंडीकाम केलेला, सिमेंटनं फाटलेली बोटं गुडघ्यावर ठेवून खुर्चीच्या कडेला बसलेला. मुलगी सायन्सला, अकरावीची परीक्षा नुकतीच संपलेली.

‘‘मॅडम, हिले समजवा,’’ बाबूजी म्हणाले. ‘‘मी उन्हात थापी चालवली ते हिनं सावलीत बसावं म्हणून. अन हे म्हणते मले आर्किटेक्टच व्हाचं हाय. विटाच उचलाच्या तं शिकाचं काहून? नर्सिंग कर म्हणतो, तं आयकून नाही रायली.’’

मुलगी गप्प. बाबूजींना चहाला बाहेर पाठवलं तेव्हा बोलली. तिची काळजी बापाच्या अगदी उलटी होती. तालुक्याच्या एका क्लासवाल्यांनी तिला सांगितलं होतं की हे शहरातल्या मुलांचं क्षेत्र आहे. ‘‘त्या पोरी लहानपणापासून ड्रॉइंग शिकतात. एलिमेंटरी, इंटरमिजिएट झालेल्या असतात. मी मायसोबत भिंती सारवल्या न बाबूजींच्या हाताखाली ओळंबा धरला, एवढंच.’’

एवढंच! माझ्या मनात तो शब्द अडकून राहिला. बापाला घरातला वारसा ओझं वाटत होता, आणि लेकीला तो मोजण्याजोगाही वाटत नव्हता.

अशा वेळी मी कलचाचणीचा कागद लगेच पुढे करत नाही. तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, तुझं घर काढ, मे महिन्यातलं. बहुतेक मुलं समोरून दिसणारं घर काढतात: त्रिकोणी छप्पर, दार, दोन खिडक्या, बाजूला झाड. हिनं घर वरून काढलं, कवेलू उचलून आत डोकावल्यासारखं. अंगण, सपरी (ओसरी), मधली खोली, मागची चूल. भिंतींची जाडी दोन रेघांनी दाखवलेली. आणि त्या घरात एकच बाज चार ठिकाणी काढलेली, प्रत्येकीच्या बाजूला वेळ लिहिलेली. सकाळी ७ ला सपरीत. ११ ला मधल्या खोलीत. ४ ला घराच्या पूर्वेच्या सावलीत. रात्री ९ ला अंगणात.

‘‘ही काय?’’

‘‘आजीची बाज. ते उन्हासंगं फिरते.’’

मग ती थांबलीच नाही. भिंत दीड हात जाड, पांढरीच्या मातीची. उन्हानं बाहेरून तापते, पण ती धग आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते, म्हणून भरदुपारी मधली खोली गार आणि रात्री तीच खोली कोंदट. म्हणून रात्री अंगण. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. आजीची बाज उचलून उचलून तिला ते कळलं होतं.

त्याच कागदाच्या मागच्या बाजूला तिनं काकांचं घरकुल काढलं. बाबूजींनीच बांधलेलं, मंजूर नकाशाप्रमाणे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला किमान २५ चौरस मीटर जागा आणि सपाट भागात १,२०,००० रुपये अनुदान. त्यात जे बसलं ते बसवलेलं: दोन खोल्या, वर टिनाचं छत, दार थेट रस्त्यावर. त्या चित्रात ११ वाजताची बाज कुठेच नव्हती. तिथे तिनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. ‘‘आजी काकाकडे जातच नाही उन्हाळ्यात. म्हणते जीव घाबरते. तेवढ्याच पैशात सपरी निघाली असती का, हे मले पाहाचं हाय.’’

माझ्यासाठी उत्तर इथेच आलं होतं. मूल घरच्या कामाची नुसती नक्कल करत असेल तर ते बापाचेच प्रश्न बापाच्याच शब्दांत सांगतं: रेट काय, सिमेंट किती, सेंटरिंग कधी उघडायचं. ही मुलगी असा प्रश्न विचारत होती जो बाबूजींनी पंचवीस वर्षांत विचारला नव्हता, कारण त्यांच्या हातात नकाशा तयार होऊनच यायचा. डोळे घरानं दिले होते, प्रश्न तिचा होता.

तिला मी दोन माणसांबद्दल सांगितलं. बाळकृष्ण दोशी, १९२७ साली पुण्यात जन्मलेले. घरात फर्निचरचा धंदा, लाकडाच्या कामातच लहानाचे मोठे झाले. २०१८ मध्ये वास्तुकलेतला प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. दुसरे फ्रान्सिस केरे, आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या गांदो या खेड्यातले. सुतारकाम शिकायला जर्मनीला गेले, तिथेच वास्तुकला शिकले आणि विद्यार्थी असतानाच आपल्या गावासाठी मातीच्या विटांची शाळा उभी केली. ती २००१ मध्ये पूर्ण झाली. जमीन चोपायला गावातल्या बाया बसल्या होत्या. २०२२ चा प्रित्झकर त्यांना मिळाला. हे ऐकताना ती म्हणाली, ‘‘बायांनी? चोपण्यानं?’’ तिच्या घरीही जमीन माय आणि आजीच चोपायच्या. ओळंबा धरणं आणि भिंत सारवणं सांगायला लाजण्यासारखं नाही, हे तिला माझ्या कौतुकापेक्षा त्या बायांनी जास्त पटवलं.

बाबूजींचं काम अवघड होतं. त्यांच्या लेखी मातीचं घर म्हणजे गरिबी, आणि त्यात चूक काय? दर पावसाळ्यात कवेलू फेरणं, पोपडे धरलेली भिंत लिंपणं, हे त्यांनी भोगलेलं. त्यांना मी एकच विनंती केली: एका रविवारी लेकीला घेऊन सेवाग्रामला जाऊन या. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. तिथली बापूकुटी आपल्याच भागातल्या मातीची, बांबूची, कवेलूची. भिंतीवर गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मातीतच उठवलेली ताडाची झाडं आहेत.

पुढच्या भेटीत ते स्वतःच बोलायला लागले. ‘‘भितीवरची ते झाडं माही माय करे तशीच हायेत जी. अन लोक चपला काढून आत जातात.’’ मग थोडं थांबून, ‘‘आमच्या मायनं केलेली भित मीच पाडली. स्लॅब टाकाचा होता.’’

हे बोलून ते बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले. मीही काही बोलले नाही. समुपदेशनात अशा शांततेला हात लावू नये असं मला वाटतं.

त्यानंतर आम्ही व्यवहारावर आलो, आणि तो मी गोड करून सांगितला नाही. बी.आर्क. पाच वर्षांचं. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवंच. प्रवेशासाठी नाटा ही वास्तुकलेची अभियोग्यता परीक्षा; नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थेत जायचं तर जेईई मेनचा पेपर २ए, ज्यात गणित, अभियोग्यता (अ‍ॅप्टिट्यूड) आणि ड्रॉइंग असतं. जेईई मेन मराठीतूनही देता येते, हे तिला माहीत नव्हतं. रात्ररात्र शीट आणि मॉडेल करावी लागतात. पहिली काही वर्षं पगार बेताचा असतो. हे ऐकून मन मागे सरकत असेल तर आत्ताच सरकू द्यावं.

फीचं गणित वेगळं मांडलं. राज्यात २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. होस्टेल, कागद, मॉडेलचं सामान त्यात येत नाही. त्यासाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना पाहावी. आणि बाबूजींना विचारलं, बांधकाम कामगार मंडळात नाव नोंदवलं का? नव्हतं. वर्षात ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं आणि ते कोण देणार म्हणून कधी गेलेच नव्हते. नोंदीत कामगारांच्या मुलांना मंडळाची शिक्षणासाठी मदत असते. आमच्या भागात किती मिस्त्री याच एका कागदावाचून राहिलेत! तुमच्या घरात कोणी बांधकामावर जात असेल तर हे काम आधी करा, पोरांचं करिअर नंतर ठरवा.

शेवटी त्यांनी मूळ प्रश्न पुन्हा काढला. ‘‘म्हणजे हे साइटवर काय करन?’’

मी सांगितलं की १९७२ च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय कोणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. डॉक्टरसारखा नोंदणी क्रमांक मिळतो. तुम्ही ज्या नकाशावरून भिंत उचलता तो नकाशा ती काढेल आणि खाली सही तिची असेल.

‘‘पाया मुरमापर्यंत न्या, असं नकाशावर लिवता येते?’’ त्यांनी विचारलं. काळ्या मातीत घर बांधणाऱ्यानं विचारावा असाच प्रश्न. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया उथळ असला की भिंत फाटते. मालक पैसे वाचवायला पाया वरच ठेवायला लावतात आणि नाव मिस्त्रीचं खराब होतं.

‘‘लिहिता येतं,’’ लेकच म्हणाली.

ती आता पहिल्या वर्षाला आहे, विदर्भातल्याच कॉलेजात. पहिल्या प्रयत्नात नाटाचे गुण कमी पडले होते, दुसऱ्यात निभावलं. दिवाळीच्या सुट्टीत एक जुनं घर मोजून त्याचा नकाशा करायचा होता, तर तिनं आपलंच घेतलं. टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं बाबूजींच्या. मधली खोली गुण्यात बसेना, एका कोपऱ्यात दोन इंचांचा फरक निघाला. ती भिंत तिच्या आजोबांनी घातलेली. तिनं विचारलं, नीट करून काढू का, काटकोन दाखवून?

‘‘नाही,’’ बाबूजी म्हणाले. ‘‘जसं हाय तसंच काढ. अन बाज इकडच्या भितीले लावत जाय आजी, ते पण लिव.’’