(२, ५) की (५, २)? चुकलेला ठिपका काय सांगतो

प्रश्न थोडक्यात असा: आठ वर्षांची मुलगी आलेखाच्या कागदावर (२, ५), म्हणजे दोन उजवीकडे आणि पाच वर, दाखवताना कधी (५, २) वर ठिपका देते, तर कधी भलतीकडेच. ‘आधी आडवं, मग उभं’ हे तिला तोंडपाठ आहे. वीसेक सरावपत्रिका सोडवून झाल्या, तरी गाडी तिथेच अडलेली आहे. आता काय करावं?

आधी सरावपत्रिका थांबवा. नियम पाठ असूनही ठिपका चुकतोय, म्हणजे बऱ्याचदा अडचण नियमात नसते. ती कुठे आहे हे ठिपकाच सांगतो, फक्त ‘चूक’ म्हणून खोडण्याऐवजी तो वाचायला हवा.

० ते ६ अंकांची, दोन-दोन सेंटिमीटर अंतराच्या रेषांची जाळी घ्या. तिला फक्त (२, ५) दाखवायला सांगा आणि मध्ये काहीही बोलू नका. ठिपका (५, २) वर आला, तर क्रम उलटलाय. (१, ४) वर आला, तर कोपऱ्यातल्या शून्यालाच ती ‘एक’ म्हणतेय आणि वर जातानाही तेच करतेय. (२, ४) वर आला, तर आडवी चाल बरोबर झाली, पण वळणावरचा बिंदू पुन्हा ‘एक’ म्हणून मोजला गेला. (२, ३) वर आला, तर उजवीकडे ‘एक, दोन’ म्हणून झाल्यावर वर जाताना ‘तीन, चार, पाच’ अशी मोजणी पुढे चालू राहिली. आडव्या अक्षावर २ पाशी एक आणि उभ्या अक्षावर ५ पाशी एक असे दोन ठिपके आले, तर दोन अंक मिळून एकच जागा होते हेच अजून पोचलेलं नाही. आणि ठिपका चौकटीच्या पोटात बसला, तर ती चौकटी मोजतेय, रेषा नाही.

चुका सहा, त्यांची कारणं वेगवेगळी. ‘आधी आडवं, मग उभं’ हा उतारा त्यातल्या पहिल्या एकीवरच चालतो.

तपासणीसाठी जोडी निवडतानाही विचार करावा लागतो. (३, ३) मधून क्रमाबद्दल काहीच कळत नाही. पहिला अंक १ घेतला, तर दोन वेगळ्या चुका एकाच जागी येऊन बसतात: (१, ४) मध्ये वळणाला ‘एक’ म्हटलं तरी ठिपका (१, ३) वर येतो आणि मोजणी पुढे चालू ठेवली तरीही (१, ३) वरच. म्हणून पहिला अंक २ किंवा ३ आणि दुसरा त्याहून मोठा असू द्या: (२, ५), (३, ५), (२, ६), (३, ६). अशा तीन-चार जोड्यांत तीच चूक पुन्हा दिसली, तर निदान पक्कं.

चौकटीत ठिपका देणाऱ्या मुलांचा मला कधीच दोष वाटत नाही. त्यांनी आधी पाहिलेलं सगळं चौकटींचंच असतं. बुद्धिबळाच्या पटावरचं ई४ हे घर असतं, स्प्रेडशीटमधला बी३ हाही खण असतो. तिथे नाव जागेच्या पोटाला असतं. क्रमित जोडी, म्हणजे (२, ५) सारखी ठरलेल्या क्रमाची जोडी, मात्र दोन रेषा जिथे छेदतात त्या बिंदूचं नाव असते. दोन्ही पद्धती आपापल्या जागी बरोबरच आहेत, पण एकाच आठवड्यात एकाच कागदावर दोन्ही शिकवल्या की गोंधळ ठरलेला. छापलेल्या जाळीवर अंक नेमके कुठे आहेत तेही बघा. अंक रेषेच्या बरोबर खाली हवेत. ते चौकटीच्या मध्याखाली आले असतील, तर तो कागद वापरूच नका. त्यावर मूल चौकट मोजणारच. रेषा म्हणजे रस्ते आणि बिंदू म्हणजे चौक, असं सांगून ‘चौकटीत नाही, चौकात’ हे एवढंच वाक्य वापरा, ते पटकन रुजतं. त्याहून पक्कं व्हायला हवं असेल, तर पुठ्ठ्याच्या चारही कडांना दर पाच सेंटिमीटरवर खाचा पाडून उभे-आडवे दोरे ताणा आणि चौकात लोकरीची गाठ मारायला लावा. दोरे नसतील तिथे गाठ बसतच नाही, त्यामुळे तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

मोजणीच्या तीन चुकांपैकी (१, ४) आणि (२, ४) यांचं मूळ एकच आहे: मूल थांबे मोजतं, उड्या मोजत नाही. (२, ३) मध्ये उड्या बरोबर मोजल्या जातात, पण वळणावर मोजणी नव्याने सुरू होत नाही. थांबे मोजणं हे निर्देशकांचं (जागा सांगणाऱ्या अंकांचं) दुखणं नाही, संख्यारेषेचं आहे, आणि दुरुस्त तिथेच करावं लागतं. जमिनीवर एकच आडवी संख्यारेषा आखा. शून्यावर उभं राहिल्यावर अजून उडी मारलेली नाही, म्हणून तोंडाने ‘शून्य’. पहिली उडी पडली की ‘एक’. हे बसलं की जाळीवर एक सवय लावा. कोपऱ्यात बोट ठेवताना मोठ्याने ‘शून्य’ म्हणायचं, आणि वळणावर आल्यावर वर निघण्याआधी पुन्हा ‘शून्य’. (२, ५) साठी तोंडाने असं येतं: “शून्य, एक, दोन. शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच.” कोपऱ्यातला आणि वळणावरचा शून्य मिळून (१, ४) ची चूक थांबवतात. वळणावरचा शून्य (२, ४) ची थांबवतो आणि (२, ३) चीही, कारण मोजणी नव्याने सुरू होते. पहिले काही दिवस कंटाळवाणं वाटलं तरी हे मोठ्यानेच म्हणून घ्या.

दोन ठिपके देणाऱ्या मुलांना पुष्कळदा आपणच तसं शिकवलेलं असतं. एक बोट आडव्या अक्षावर, दुसरं उभ्या अक्षावर ठेवायचं आणि मग दोन्ही सरकवत एकत्र आणायची, ही पद्धत मोठ्यांना सोपी वाटते. लहान मूल मात्र बोटं ठेवली तिथेच काम संपलं असं समजतं. सुरुवातीला एकच बोट आणि एकच प्रवास ठेवा. आरंभबिंदूपासून, म्हणजे कोपऱ्यातल्या शून्यापासून, लाल बाण उजवीकडे, त्याच्या टोकापासून निळा बाण वर, आणि ठिपका फक्त निळ्या बाणाच्या टोकाला. जोडीतला पहिला अंकही लाल आणि दुसरा निळा लिहा. दहा-बारा जोड्यांनंतर अंकांचे रंग काढा, बाण राहू द्या. मग बाण पेन्सिलीचे, मग नुसतं बोट. रंग फार काळ ठेवले, तर मूल क्रम बघतच नाही, रंगच बघतं, आणि काळ्या शाईतली जोडी समोर आली की अडकतं.

कंस आणि स्वल्पविरामाबद्दल आग्रह धराच. घाईत लिहिलेलं ‘२५’ मूल ‘पंचवीस’ वाचतं, आणि त्या शब्दात पाच आधी ऐकू येतो. इथे तर सगळा खेळच क्रमाचा आहे. वाचतानाही मध्ये थांबून ‘दोन, पाच’ असंच वाचायचं.

आता राहिला खरा उलटलेला क्रम. आधी आडवं का, याला गणितात खोल कारण काही नाही. तो सगळ्यांनी पाळायचा ठराव आहे, आणि मुलाला हे सरळ सांगावं. पण ठरावाची गरज आधी जाणवू द्या. दोन मुलांना वेगवेगळ्या कागदांवर ‘२ आणि ५ वापरून खजिना ठेवा’ एवढंच सांगा. एकाचा खजिना एकीकडे, दुसऱ्याचा दुसरीकडे गेला की ‘आता काय ठरवूया?’ हे विचारा. कुणी ‘आधी वर जाऊ’ म्हणालं, तर तसाही एक डाव खेळा, सगळं नीट चालतं. मग सांगा की जगाने आडवं आधी ठरवलंय. फ्रेंच गणितज्ञ देकार्त यांचं या विषयावरचं लेखन १६३७ साली छापलं गेलं, त्यांच्याच नावावरून या पद्धतीला कार्टेशियन म्हणतात. छतावरच्या माशीकडे बघून त्यांना ही कल्पना सुचली ही गोष्ट मुलांना फार आवडते; ती गोष्ट म्हणूनच सांगा, तिला भक्कम आधार नाही.

लक्षात ठेवायला मराठीतच एक छान सोय आहे. वर्णमालेत ‘आ’ आधी आणि ‘उ’ नंतर, तसंच आडवा आधी, उभा नंतर. शब्दकोड्यातही आधी ‘आडवे शब्द’ आणि मग ‘उभे शब्द’. एक्स आणि वाय ही अक्षरं वापरत असाल, तर इंग्रजी वर्णमालेचा क्रमही कामाला येतो. मात्र क्ष-अक्ष, य-अक्ष म्हणत असाल, तर ‘अक्षरांच्या क्रमाने जा’ असं चुकूनही सांगू नका. आपल्या वर्णमालेत य आधी येतो आणि क्ष पार शेवटी, म्हणजे नियम नेमका उलटा बसेल.

नाट्यगृहातल्या खुर्चीला आधी रांग सांगतात, मग क्रमांक. पृथ्वीवरचं ठिकाण सांगताना आधी अक्षांश, म्हणजे उत्तर-दक्षिण, आणि मग रेखांश. ही उदाहरणं रंजक असली तरी पहिल्या महिन्यात दूर ठेवा, कारण त्यांत क्रम उलटा आहे. जोडी पक्की झाल्यावर हीच उदाहरणं ‘ठराव जागोजागी वेगळा असतो’ हे दाखवायला उत्तम.

क्रमाची चूक मुलाने स्वतः पकडावी यासाठी चित्रासारखं साधन नाही, पण चित्र नीट निवडायला हवं. कर्णरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखं दिसणारं चित्र, म्हणजे कोपऱ्यातून तिरपा जाणारा पतंग किंवा (१, १) पासूनचा चौरस, क्रम उलटवला तरी तसंच दिसतं, मग चूक लपते. हे घर घ्या: (१, १), (५, १), (५, ४), (३, ६), (१, ४) आणि परत (१, १), याच क्रमाने रेघांनी जोडत जायचं. बरोबर केलं तर छप्पर वर असलेलं घर येतं. सगळ्या जोड्या उलटल्या तर तेच घर आडवं पडतं आणि छप्पर उजवीकडे जातं. (१, १) सोडून एखादीच जोडी उलटली तर भिंत किंवा छप्पर वाकडं होतं. कुठली जोडी चुकली हे मूल आपणहून शोधायला लागतं, तुम्ही लाल शाई उघडायची गरज नाही.

जमिनीवरची जाळी करणार असाल, तर दोन्ही दिशांना सात-सात रेषा, दोन रेषांत ३० सेंटिमीटर, म्हणजे बाजूला १८० सेंटिमीटरचा चौरस होतो. त्यात एक खोच आहे. मूल उजवीकडे तोंड करून चालायला लागलं, की ‘वर’ जाण्यासाठी त्याला डावीकडे वळावं लागतं आणि उजवं-डावं सगळं फिरतं. म्हणून तोंड सतत उभ्या अक्षाच्या दिशेनेच ठेवायचं. आडवी पावलं खेकड्यासारखी बाजूला टाकायची, मग पुढे चालायचं. समोर उभ्या राहिलेल्या मुलांना तीच जाळी उलटी दिसते, तेव्हा बघणाऱ्यांनाही आरंभबिंदूच्या बाजूलाच बसवा.

शून्याच्या जोड्या लांबणीवर टाकू नका. (०, ४) म्हटलं की मूल शून्य गाळतं आणि पहिलाच दिसलेला अंक आडवा चालतं, म्हणून ठिपका (४, ०) वर जातो. ‘आडवं किती चालायचं? अजिबात नाही. उभे राहा तिथेच. आता वर चार.’ (०, ४) आणि (४, ०) एकापाठोपाठ द्या.

सरावासाठी दोन रंगांचे फासे फार उपयोगी. लाल फासा आडवा, निळा उभा. प्रत्येक फाशावरच्या ६ वर ० ची चिकटपट्टी लावा, म्हणजे ० ते ५ अशा ३६ जागा मिळतात आणि शून्याचा सराव आपोआप होतो. आलेली जोडी आधी कंसात लिहायची, मग ठिपका. सलग तीन ठिपके आडवे, उभे किंवा तिरपे ज्याचे लागतील तो जिंकला. लिहिण्याची पायरी वगळली, तर तो नुसता फाशांचा खेळ उरतो. जरा मोठ्या मुलांसाठी लपलेला बिंदू ओळखायचा खेळ: एकाने मनात (४, १) धरला, दुसऱ्याने (२, ३) म्हटलं, तर उत्तर ‘चार पावलं दूर’, कारण दोन आडवी आणि दोन उभी. रेषांवरूनच चालायचं, तिरपं नाही.

जोडीवरून बिंदू दाखवणं आणि बिंदूवरून जोडी वाचणं ही मुलासाठी दोन वेगळी कामं आहेत. पहिलं जमलं म्हणून दुसरं येईलच असं धरू नका. वाचताना बिंदूपासून सरळ खाली उतरून आडव्या अक्षावरचा अंक आधी लिहायचा, मग बिंदूवर परत येऊन डावीकडे सरकत उभ्या अक्षावरचा. बिंदूपाशी गुण्याचा काटकोन ठेवला, तर लहान बोटं भरकटत नाहीत.

अक्ष स्वतः आखायला मात्र शेवटी द्या. कोपऱ्यात १ लिहिणं, अंक चौकटीखाली जाणं, दोन अंकांत कमी-जास्त अंतर पडणं, हे सगळं तेव्हा नव्याने उगवतं आणि मूल आधीचंही विसरलंय असं उगाच वाटतं. प्रत्येक रेषेला दोन-दोनने वाढणारं प्रमाणही त्यानंतरच. ऋण संख्या तर संख्यारेषेवर डावीकडे जाणं सहज झाल्याशिवाय आणूच नका. तेव्हाही नियम बदलत नाही, चिन्ह फक्त दिशा सांगतं: (-२, ३) म्हणजे शून्यापासून दोन डावीकडे, मग तीन वर.

पक्कं झालं की नाही हे बघायला तिला स्वतःचं सहा-सात बिंदूंचं चित्र काढायला सांगा, त्याच्या जोड्या लिहायला लावा आणि ती यादी दुसऱ्या कुणाला वाचून दाखवू द्या. समोरच्याचं चित्र वेगळं आलं, तर लगेच मध्ये पडू नका. यादी लिहिताना चुकलं की ठिपका देताना, हे दोघांना एकेक जोडी पडताळून शोधू द्या.