‘टर्न ऑफ इट’ का चालत नाही?

एका वाचकाने विचारले आहे की, ‘टर्न ऑफ द लाइट’ आणि ‘टर्न द लाइट ऑफ’ ही दोन्ही वाक्ये बरोबर असतील, तर ‘टर्न इट ऑफ’ बरोबर आणि ‘टर्न ऑफ इट’ चूक असे का? आणि तोच नियम लावून ‘लुक इट ॲट’ म्हटले, तर तेही चूक कसे ठरते? जोडीला एक जुनी तक्रारही आहे: ‘डिस्कस अबाउट’मधला ‘अबाउट’ शिक्षकांनी दरवेळी लाल शाईने खोडला, पण का खोडला ते कधी सांगितले नाही.

इंग्रजी क्रियापदाच्या पाठोपाठ येणारा तो लहानसा शब्द दिसायला एकच असला, तरी दोन वेगळ्या घरचा असू शकतो. कधी तो पुढच्या नामाचा असतो, तर कधी मागच्या क्रियापदाचा. मराठीत हा घोटाळा सहसा होत नाही, कारण आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून येते, त्याला चिकटवून लिहिले जाते आणि बहुधा त्या नामाचे सामान्यरूपही करून ठेवते. ‘फळ्याकडे पाहा’ यात ‘फळा’चे ‘फळ्या’ झाले, की ‘कडे’ कोणाचे आहे हे विचारावे लागत नाही. इंग्रजीत ‘लुक ॲट द बोर्ड’ म्हणताना ‘ॲट’ मधेच उभा असतो. ‘बोर्ड’च्या रूपावर त्याची काही खूण उमटत नाही आणि ‘लुक’ला लागून आल्यामुळे तो ‘लुक’चाच वाटतो. त्यात शाळेत ‘लुक ॲट’ म्हणजे पाहणे, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे, ‘लुक अप’ म्हणजे कोशात पाहणे अशी सरसकट यादी पाठ करून घेतात, त्यामुळे या तिघांची जात एकच असावी हा समज पक्का होतो. प्रत्यक्षात पहिले दोन एका जातीचे आहेत आणि तिसरा निराळा.

हा फरक दाखवण्यासाठी व्याकरणाच्या वर्गात वापरली जाणारी एक जोडी फार बोलकी आहे: ‘ही रॅन अप अ हिल’ आणि ‘ही रॅन अप अ बिल’. पहिल्या वाक्यातला माणूस धावत टेकडी चढला, दुसऱ्यातल्याने बिल वाढवून ठेवले. अक्षरे पाहिली तर फरक एका व्यंजनाचा आहे, पण वाक्याची जोडणी संपूर्ण वेगळी आहे. पहिल्यात ‘अप अ हिल’ हा एक तुकडा आहे, म्हणून ‘अप विच हिल डिड ही रन?’ असे विचारता येते. दुसऱ्यात ‘रॅन अप’ हा तुकडा आहे आणि ‘अप विच बिल’ असा प्रश्न कोणी इंग्रज विचारणार नाही. आता दोन्हीकडे नामाऐवजी सर्वनाम ठेवून पाहावे. टेकडीचे होते ‘ही रॅन अप इट’, बिलाचे होते ‘ही रॅन इट अप’. टेकडीचा ‘अप’ टेकडीचा असल्यामुळे ‘इट’ला सोडून जाऊ शकत नाही. बिलाचा ‘अप’ क्रियापदाचा असल्यामुळे तो बाजूला सरकू शकतो, आणि सर्वनाम आले की त्याला सरकावेच लागते.

सरकावेच का लागते, याचे उत्तर वाक्याच्या वजनात आहे. इंग्रजी वाक्याचा शेवट नव्या किंवा वजनदार गोष्टीसाठी राखलेला असतो आणि ‘इट’ हा तर आधीच ठाऊक असलेल्या वस्तूचा आघातहीन उल्लेख. म्हणून ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना ‘इट’ मध्ये दबून जातो आणि जोर ‘ऑफ’वर येतो. उलट कर्म लांबलचक असेल, म्हणजे ‘जिन्यातला काल रात्रभर जळत राहिलेला दिवा’ असे काही असेल, तर ‘ऑफ’ क्रियापदालगत राहतो आणि तो सगळा लवाजमा शेवटी जातो. आघाताची ही परीक्षा कानाने करता येते, व्याकरण उघडावे लागत नाही. ‘लुक ॲट इट’मध्ये ‘ॲट’ कुजबुजल्यासारखा येतो, ‘टर्न इट ऑफ’मधला ‘ऑफ’ ठणठणीत ऐकू येतो. ‘लुक आफ्टर’चा अर्थ लाक्षणिक आहे म्हणून तो ‘टर्न ऑफ’च्या गटात टाकण्याचा मोह होतो, परंतु ‘लुक हिम आफ्टर’ होत नाही, ‘लुक आफ्टर हिम’च होते. अर्थ सरळ की लाक्षणिक, यावर ही जात ठरत नाही.

नामाच्या घरचा शब्द म्हणजे आपले शब्दयोगी अव्यय किंवा विभक्तिप्रत्यय, हे सहज पटते. मग क्रियापदाच्या घरच्या ‘अप’, ‘आउट’, ‘डाउन’, ‘ऑफ’ यांच्या जागी मराठीत कोण येते? माझ्या मते बऱ्याचदा संयुक्त क्रियापदातले दुसरे क्रियापद येते. ‘ईट इट अप’ म्हणजे ‘खाऊन टाक’, ‘राइट इट डाउन’ म्हणजे ‘लिहून घे’, ‘राइट इट आउट’ म्हणजे ‘लिहून काढ’. कापड थोडेसे फाडता येते, पण फाडून टाकले की ते कापड म्हणून उरत नाही. ‘टेअर’ आणि ‘टेअर अप’ यांत हेच अंतर आहे. ‘टाकणे’ येथे फेकण्याचा अर्थ सोडून क्रिया तडीस गेल्याचे सांगते, जसा ‘अप’ वर जाण्याचा अर्थ सोडून तेच सांगतो. म्हणून ‘ईट अप’मध्ये ‘वर’ कुठे आहे हे शोधत बसणे म्हणजे ‘खाऊन टाक’मध्ये काय फेकले हे शोधण्यासारखे आहे.

आपल्या कानाला हे नकळत समजलेलेही आहे. मराठी घरात ‘लाइट ऑफ कर’, ‘पंखा ऑन कर’ असे म्हणतात. ‘टर्न’ किंवा ‘स्विच’ आपण टाकून दिले आणि नेमका अर्थ वाहणारा ‘ऑफ’ ठेवून त्याला आपले ‘करणे’ जोडले. ‘लुक ॲट’मधला ‘ॲट’ मात्र कोणी उचलला नाही, कारण त्याच्यात उचलण्यासारखे काही नव्हते.

क्रियापदापासून सुटा हिंडणारा असा शब्द आपल्या परंपरेला नवा नाही. ‘हृ’ या एका धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार होतात, हे आपण शाळेत शिकतो. पण उपसर्ग धातूला कायमचा चिकटला तो पुढच्या संस्कृतात. वैदिक भाषेत तो धातूच्या नंतर येऊ शकतो आणि मध्ये अंतर ठेवूनही येऊ शकतो, असे पाणिनीने स्वतंत्र सूत्रे करून नोंदवले आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ‘स देवाँ एह वक्षति’, म्हणजे ‘तो देवांना इकडे घेऊन येवो’, असे आहे. ‘एह’ म्हणजे ‘आ इह’, आणि त्यातला ‘आ’ हा ‘वक्षति’चा, मध्ये ‘इह’ बसलेला. इंग्रजीचा प्रवास याच्या जवळपास उलट झाला: जुन्या इंग्रजीत असे शब्द पुष्कळदा क्रियापदाच्या आधी येत, ‘ओव्हरकम’ आणि ‘विथस्टँड’ ही त्यांची शिल्लक आहे, आणि पुढच्या काही शतकांत ते क्रियापदाच्या नंतर येऊ लागले. परक्या माणसाला या जोड्या सर्वांत अवघड जातात, असे इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे, तेव्हा वाचकांनी स्वतःला फार दोष देऊ नये.

आता ‘डिस्कस अबाउट’. माझ्या माहितीतल्या एका सोसायटीच्या फलकावर ‘टू डिस्कस अबाउट वॉटर टँक’ अशी सूचना लागली होती. लिहिणाऱ्याच्या मनात ‘टाकीविषयी चर्चा करणे’ होते. येथे ‘करणे’ हे क्रियापद, ‘चर्चा’ हे नाम, आणि नामाबरोबर ‘विषयी’ येणे अगदी रास्त. गंमत अशी की इंग्रजीतही नाम असेल तर ‘अबाउट’ चालतो: ‘अ डिस्कशन अबाउट द टँक’ निर्दोष आहे. फक्त ‘डिस्कस’ हे सकर्मक क्रियापद ‘टाकी’ला थेट कर्म करून घेते, मध्यस्थ ठेवत नाही. मराठीत अशी कितीतरी क्रियापदे नाम अधिक ‘करणे’ किंवा ‘देणे’ अशी बनलेली आहेत, आणि आपण ज्यांच्यापुढे जादा शब्द घालतो ती इंग्रजी क्रियापदे बहुतेक याच गटातली निघतात. हल्ला करणे, शत्रूवर, म्हणून ‘अटॅक ऑन द एनिमी’. भर देणे, शिस्तीवर, म्हणून ‘एम्फसाइज ऑन डिसिप्लिन’. प्रवेश करणे, खोलीत, म्हणून ‘एंटर इन द रूम’. लग्न करणे, तिच्याशी, म्हणून ‘मॅरी विथ हर’. ‘ॲन अटॅक ऑन’ आणि ‘एम्फसिस ऑन’ हे नामाचे प्रयोग मात्र निर्वेध बरोबर आहेत. उलट दिशेची चूकही होते: ‘माझं ऐक’ यात शब्दयोगी नाही, म्हणून ‘लिसन मी’.

‘कोप अप विथ’ ही चूक मात्र मराठीच्या माथी मारता येणार नाही. ‘कीप अप विथ’, ‘पुट अप विथ’, ‘कम अप विथ’ यांच्या संगतीने ‘कोप विथ’मध्ये एक ‘अप’ शिरला आणि भारतभर रुळला. त्या तिघांत ‘अप’ क्रियापदाचा असतो आणि ‘विथ’ पुढच्या नामाचा; ‘कोप’ला पहिल्याची गरजच नाही.