ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावर टीटी (टूरिस्ट ट्रॉफी) ही मोटारसायकल रेस होते; तिच्या रस्त्यावरचं ‘बर्किन्स बेंड’ हे वळण टिम बर्किनच्या नावावरून आहे का? त्या वळणात एवढं विशेष काय?

नाही, टिमच्या नावावरून नाही. त्याच्या धाकट्या भावाच्या, आर्ची बर्किनच्या नावावरून. हा घोळ बऱ्याच जणांचा होतो, कारण मोटार रेसिंगमध्ये ‘बर्किन’ म्हटलं की बेंटली गाड्या पळवणारा टिमच आठवतो. (रेसिंगशी देणंघेणं नसलेल्यांना महागडी पर्स आठवते, ते सोडा.) टिमने 1929 आणि 1931 साली फ्रान्समधली ल मान्सची 24 तासांची रेस जिंकली. आर्ची बाइकवाला. त्याच्या नावावर तसला मोठा विजय नाही, पण टीटीचा एक नियम त्याच्या मृत्यूमुळे बदलला.

आधी जागा सांगतो. टीटीचा माउंटन कोर्स म्हणजे खास बांधलेला ट्रॅक नाही, बेटावरचे रोजच्या वापरातले रस्ते जोडून झालेली सुमारे 60.7 किलोमीटरची एक फेरी. डग्लसहून निघायचं, बॅलाक्रेनला उजवीकडे वळून कर्क मायकल गाव गाठायचं, पुढे रॅम्झी, मग स्नेफेल डोंगर चढून उतरून परत डग्लस. कर्क मायकल सोडलं की लगेच रेनकलन नावाची जागा लागते. तिथली पाठोपाठची वळणं म्हणजे आपलं बर्किन्स बेंड. स्टार्टपासून अंदाजे 28 किलोमीटरवर.

आता 1927 मध्ये काय झालं ते कळायला आधीचं थोडं माहीत हवं. रेस या बेटावर आलीच मुळी कायद्यामुळे. ब्रिटनमध्ये 1903 च्या कायद्याने ताशी 20 मैलांची मर्यादा घातली होती आणि रेससाठी रस्ता बंद करायची सोय नव्हती. आयल ऑफ मॅनची संसद वेगळी, तिचं नाव टिनवॉल्ड. तिने 1904 मध्ये कायदा करून रस्ते बंद करायची परवानगी दिली. बाइकची टीटी 1907 ला सुरू झाली आणि 1911 ला डोंगरावरच्या मोठ्या रस्त्यावर गेली.

पण रस्ते बंद व्हायचे ते रेसच्या वेळी. सराव चालायचा भल्या पहाटे, उघड्या रस्त्यावर. म्हणजे रायडर ज्या वेगाने रेसमध्ये जाणार त्याच वेगाने जायचा प्रयत्न करतोय, आणि त्याच रस्त्यावर लोक आपापल्या कामाला निघालेत! त्या काळी रेसमधल्या फेरीचा सरासरी वेग ताशी 70 मैलांच्या आसपास पोचला होता, म्हणजे सरळ रस्त्यावर त्याहून पुष्कळ जास्त. ब्रेक मात्र त्या काळातले.

7 जून 1927 च्या सकाळी आर्ची सरावाला निघाला. बाइक मॅकएव्हॉय. ही डर्बीची छोटी कंपनी होती आणि तिच्यात त्याचा स्वतःचा पैसा होता. कर्क मायकल ओलांडून तो रेनकलनच्या वळणात शिरला, तर समोरून मासळीची गाडी. ती बेटावरच्या पील गावाकडे चालली होती. पीलकडे जायचं म्हणजे रेसच्या उलट दिशेने. यात गाडीवाल्याची काही चूक नाही, रस्ता त्याचाही होता. वळण असं की अगदी जवळ येईपर्यंत समोरचं दिसत नाही. आर्ची जागीच गेला. वय अवघं 22.

पुढच्याच वर्षापासून, 1928 पासून, सरावाच्या वेळीही रस्ते बंद ठेवायला सुरुवात झाली. खरं तर ही गोष्ट आधीच सुचायला हवी होती. 1911 पासून सोळा वर्षं असाच कारभार चालला, म्हणजे यंत्रणेपेक्षा नशिबावरच जास्त भिस्त होती, असं माझं मत.

म्हणूनच मला हे नाव बाकीच्या नावांपेक्षा वेगळं वाटतं. या कोर्सवर माणसांच्या नावांची वळणं बरीच आहेत. वॉल्टर ब्रँडिश 1923 मध्ये पडला, पाय मोडला, ते वळण ब्रँडिश कॉर्नर झालं. वॉल हँडली 1932 मध्ये आपटला, झाला हँडलीज कॉर्नर. जिमी गथ्री मरण पावला जर्मनीत, पण त्याचं स्मारक डोंगरावर आहे, शेवटच्या टीटीत त्याची बाइक जिथे बंद पडली तिथे. 26 व्या मैलाच्या दगडाजवळचं ‘जोईज’ तर जोई डनलॉप या रायडरच्या 26 टीटी विजयांसाठी. यातली काही नावं पडल्यामुळे, काही गौरवासाठी. बर्किनच्या बाबतीत यातलं काहीच नाही, तिथे व्यवस्थाच चुकली होती.

आजही हा भाग सोपा नाही. कर्क मायकल गावाच्या मुख्य रस्त्यावरून रायडर दोन्ही बाजूंच्या घरांच्या मधून सुसाट येतात, फुटपाथच्या कडेला चिकटून. मग रेनकलनला बाइक एका अंगावरून दुसऱ्या अंगावर टाकायची, आणि ती नीट सावरायच्या आत रस्त्याला उंचवटा येतो. तिथे पुढचं चाक हवेत जातं. बाइक तिरकी असतानाच चाक उचललं, तर उतरताना हँडल झटके देतं. फोटोग्राफर तिथेच का उभे असतात ते यावरून कळेल. 2023 मध्ये पीटर हिकमनने ताशी 136.358 मैल सरासरीने फेरी मारली. ही सरासरी आहे बरं का, हळू वळणं धरून.

ऑनबोर्ड (बाइकवरच्या कॅमेऱ्याने घेतलेला) व्हिडिओ बघणार असाल, तर गावातली घरं संपली की सावध व्हा. झाडी, डाव्या-उजव्या हाताला दगडी भिंती, एक घर, आणि पुढचं चाक उचललेलं दिसलं की समजा, बर्किन्स बेंड मागे गेलं. मला पहिल्यांदा ते ओळखायला व्हिडिओ चार वेळा मागे घ्यावा लागला होता.