लेबल, फोटो, वेबसाइट: लहान धंद्यासाठी ऑनलाइन माणूस नेमताना

तुम्ही विचारलंय की घरून कापडी पिशव्या विकता, घरात दोघंच आहात, फोटो काढणं, लिस्टिंग (विक्रीच्या साइटवर मालाची माहिती) भरणं, लोगो, वेबसाइट यात रोजच्या रात्री जातात. लोक म्हणतात ही कामं ऑनलाइन फ्रीलान्सरला (नोकर नसलेल्या, कामापुरते पैसे घेणाऱ्या माणसाला) द्या, पण पैसे बुडतील अशी भीती वाटते. तर द्यावीत का, आणि दिली तर कशी?

द्यावीत. मी सहा वर्षं देतेय. पण आधी कोणती चूक कुठे झाली ते सांगते, कारण मला सगळं शहाणपण तिथूनच मिळालं.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. सासूबाई आणि मी गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी करून विकतो. सुरुवातीला गिऱ्हाईक आसपासचंच होतं, मग सुरत, अहमदाबाद, पुणे इथून मागणी यायला लागली आणि साध्या पिशवीवर हाताने नाव लिहून भागेना. लेबल हवं होतं. एका परदेशी डिझायनरची कामं पाहिली, फार सुंदर होती, दरही परवडणारा होता. मी मराठी मजकूर टाइप करून पाठवला, चार दिवसांत लेबल आलं. रंग, पानांची नक्षी, सगळं मनासारखं. रात्री मोबाइलवर पाहिलं आणि 'छान' असं कळवून टाकलं. २००० लेबलं छापून आली तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, हे थालीपिठाची नाही गं." पहिली वेलांटी 'प'च्या आधी असायला हवी ती 'प'च्या नंतर पडली होती. 'ज्वारी'तला 'ज' पाय मोडून वेगळा उभा होता. 'घटक द्रव्ये' तर वाचताच येत नव्हतं. सगळी लेबलं रद्दीत गेली.

त्या डिझायनरला मी दोष देत नाही. त्याला देवनागरी वाचता येत नव्हती; त्याच्या दृष्टीने अक्षरं म्हणजे नक्षीच. नंतर कळलं की डिझाइन करायच्या अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठी मजकुराची वेगळी सेटिंग निवडावी लागते. ती निवडली नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते. हे मी कामाच्या वर्णनात लिहिलंच नव्हतं, कारण मला माहीतच नव्हतं. तेव्हापासून मराठी, हिंदी किंवा गुजराती मजकुराचं काम असेल तर काम देण्याआधी मी एकच ओळ पाठवते: 'थालीपिठाची, ज्वारी, द्रव्ये, क्षार, किंमत'. ही ओळ पीडीएफमध्ये टाइप करून पाठवा, एवढंच सांगते. ज्याची ओळ नीट येते त्याच्याशीच पुढचं बोलणं. तुमच्या पिशव्यांवर मराठी म्हणी छापायच्या असतील तर ही चाचणी अजिबात चुकवू नका.

त्यानंतर लेबलाचं काम मी इथल्याच एका विद्यार्थिनीला दिलं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा १९५० पासून आमच्या शहरात आहे, आणि तिथली बरीच मुलं शिकता शिकता अशी कामं घेतात. ती मला ऑनलाइनच सापडली, पैसेही साइटवरूनच दिले, फक्त शेवटचा प्रूफ (छपाईआधीचा नमुना) आम्ही दोघींनी प्रेसमध्ये उभं राहून पाहिला. ऑनलाइन म्हटलं की माणूस दूरचाच हवा असं नाही. जिथे लिपी, कागद किंवा कापड यांचा संबंध येतो तिथे तुमच्या भाषेतला माणूस बरा. फोटोची पार्श्वभूमी काढणं, एक्सेलमध्ये माल भरणं, व्हिडिओ कापणं, यांना कुठलाही माणूस चालतो.

प्रेसवाल्यांचंही आधी विचारून घ्या. रावपुऱ्यातले आमचे प्रेसवाले काका पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेन, सीडीआर आपजो, अने कर्व करीने." म्हणजे कोरल ड्रॉची फाइल हवी आणि अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे आकृतीत बदललेली हवीत, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की पुन्हा तोच गोंधळ. रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या हिशेबात) आणि चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. हे सगळं फ्रीलान्सरला पहिल्याच निरोपात लिहा. काम झाल्यावर मागितलं तर तो जादा पैसे मागेल, आणि त्यात त्याची चूक नाही.

खाण्याच्या मालाबद्दल एक गोष्ट सांगते, तुम्हाला लागू नसली तरी इतर कुणी वाचेल म्हणून. लेबलवर एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) १४ अंकी क्रमांक, शाकाहाराची हिरवी खूण, घटक, वजन, तारीख हे असावंच लागतं. आवश्यक माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागते. मराठी, गुजराती त्याशिवाय जादा छापता येते. डिझायनर हे तपासणार नाही. ती जबाबदारी विकणाऱ्याची आहे.

दुसरी चूक याहून महाग पडली. वेबसाइट करणाऱ्याला मी म्हटलं, सगळं तुम्हीच बघा. त्याने डोमेन (वेबसाइटचा पत्ता) विकत घेतलं, होस्टिंग (वेबसाइट ठेवायची जागा) घेतलं, दोन्ही स्वतःच्या ईमेलवर. काम चांगलं केलं होतं, खरंच चांगलं. पण वर्षभराने नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा तो फोन उचलेना. नोंदणी त्याच्या नावावर, त्यामुळे कंपनी माझ्याशी बोलायला तयार नाही. तो पत्ता आमच्या प्रत्येक पुडक्यावर छापलेला होता. आम्हाला नवीन नाव घ्यावं लागलं, आणि कितीतरी दिवस जुनी गिऱ्हाइकं फोन करून विचारत होती, तुमचं दुकान बंद झालं का? हे ऐकताना काय वाटतं ते धंदा करणाऱ्यालाच कळेल.

म्हणून काम बाहेर द्या, पण किल्ल्या देऊ नका. डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डावरून. पासवर्ड कुणालाच नाही. गुगलवरच्या दुकानाच्या नोंदीला 'मॅनेजर' जोडता येतो, फेसबुक पेजवर ठरावीक अधिकार देता येतात, शॉपिफायवर (ऑनलाइन दुकान उभं करायच्या सेवेवर) फ्रीलान्सरला सहयोगी म्हणून वेगळा प्रवेश देता येतो. काम संपलं की तो प्रवेश त्याच दिवशी काढायचा. गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची यादी मी कुणालाही पाठवत नाही, आणि गिऱ्हाइकांना उत्तरं मी स्वतःच देते. हिशेबाचं काम ओळखीच्या एक बाई टॅलीत करतात, ते ऑनलाइन द्यावं असं मला कधी वाटलं नाही.

आता पैशांचं, कारण तुमची खरी भीती तीच आहे. अपवर्क, फायव्हर यांसारख्या फ्रीलान्सर मिळवून देणाऱ्या साइटवर ठरावीक रकमेच्या कामाचे पैसे आधी साइटकडे जमा होतात आणि काम स्वीकारल्यावर माणसाला मिळतात. हे संरक्षण चांगलं आहे, पण त्याला मुदत आहे आणि ती बहुतेकांना माहीत नसते. फायव्हरवर काम आल्यावर तुम्ही ३ दिवस काहीच केलं नाही तर काम पूर्ण झालं असं धरलं जातं. अपवर्कवर ठरावीक रकमेच्या कामाला ही मुदत १४ दिवसांची आहे, त्यानंतर पैसे आपोआप सुटतात. आमच्याकडे दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस श्वास घ्यायला वेळ नसतो, त्यामुळे त्या काळात पूर्ण होईल असं काम मी देतच नाही. तुमचा मोसम लग्नसराईचा असेल तर तोही विचार करा. तासावर काम दिलंत तर अपवर्कचं ॲप दर १० मिनिटांच्या तुकड्यात काम करणाऱ्याच्या पडद्याचं एक छायाचित्र घेतं, ते तुम्हाला बघता येतं. मला स्वतःला तासाचं काम आवडत नाही. दहा फोटो, इतके रुपये, असं ठरलं की दोघांचीही झोप नीट लागते.

कुणी म्हणालं की साइटचा कमिशन वाचवू, थेट यूपीआय करा, तर पहिल्या कामाला तरी नाही म्हणा. बाहेर दिलेल्या पैशांबद्दल साइट काही करू शकत नाही. शिवाय अपवर्कच्या नियमानुसार तिथे भेटलेल्या माणसाशी दोन वर्षं तिथूनच व्यवहार करावा लागतो, नाहीतर वेगळी फी भरावी लागते. आणि कार्ड चाललं नाही तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डं फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांसाठी सुरू असतात. बँकेच्या ॲपमध्ये ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार स्वतः चालू करावे लागतात. मर्यादा ठेवून करा आणि काम झालं की बंद करा.

लोगोचं आणखी एक. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला असं आपण धरून चालतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीवरच्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा हक्क मालकाकडे जातो, पण फ्रीलान्सर नोकर नसतो. त्यामुळे लोगो किंवा मजकूर याचा हक्क सहसा करणाऱ्याकडेच राहतो, जोवर तो लेखी, सही करून तुम्हाला दिला जात नाही. त्या कागदात मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मोठ्या साइटच्या अटींमध्ये हक्काची सोय बहुधा असते, त्या वाचून घ्या. व्हॉट्सअॅपवर ठरवलेल्या कामाला असा काही आधार नसतो. तिथे दोन ओळींचा कागद करा: 'हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी'. मूळ फाइलही मागून ठेवा, नुसता जेपीजी नको.

माणूस निवडताना पाच तारेवाल्या प्रतिक्रिया मी भराभर पुढे सरकवते. तीन तारेवाल्या नीट वाचते, कारण तिथे लोक खरं काय बिनसलं ते लिहितात. मग तिघांना एकच छोटं काम देते, एक फोटो किंवा एक लिस्टिंग, आणि तिघांनाही पैसे देते. फुकट नमुना मागू नका. पलीकडेही कुणीतरी आपल्यासारखंच रात्री जागून पोट भरतंय, आणि घासाघीस करून मिळालेला माणूस चार दिवसांत दुसरं मोठं काम मिळालं की निघून जातो. आमचे फोटो चार वर्षं साताऱ्याची एक मुलगी करते. आम्ही प्रत्यक्ष भेटलेलो नाही. मी पाठवलेला फोटो धुरकट असेल तर ती काम सुरू न करता आधी कळवते, "ताई, बरणी पुसून परत काढा." असं सांगणारं माणूस मिळालं की सोडू नका. दरवर्षी फराळाचा डबा तिच्या पत्त्यावर जातो, तो सासूबाई स्वतः भरतात.

तुम्ही वेबसाइटपासून सुरुवात करू नका, फोटोंपासून करा. चूक झाली तरी थोडक्यात निभावेल. पहिल्या कामासाठी वर्णन असं लिहा, तुमच्या आकड्यांनी बदलून घ्या:

"कापडी पिशव्यांचे १० फोटो. पार्श्वभूमी पूर्ण पांढरी (२५५, २५५, २५५), पिशवीने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापलेला, लांब बाजू किमान १००० पिक्सेल, जेपीजी. कापडाचा रंग बदलायचा नाही. खरा रंग कळावा म्हणून कापडाचा उन्हातला एक फोटो सोबत दिला आहे. बंद आणि शिवण कापली जाता कामा नये. आधी एक फोटो करून दाखवा, तो मी २४ तासांत तपासून कळवेन, मगच उरलेले नऊ. दोन वेळा दुरुस्ती दरात धरा. मूळ पीएसडी (फोटोशॉपची) फाइल द्यावी."

अॅमेझॉनवर मुख्य फोटोला पांढरी पार्श्वभूमी आणि ८५ टक्क्यांचा नियम आहे, म्हणून ते आकडे; (२५५, २५५, २५५) म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबात पूर्ण पांढरा रंग. पहिला फोटो आला की मोबाइलवर नाही, मोठ्या पडद्यावर पाहा, आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवा.